पाच वर्षांचा आकडा छापताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागच्या आठवड्यात ओव्हरीच्या कॅन्सरवर लेख आला होता तो वाचून हे पत्र लिहितेय. लक्षणं वगैरे नीट दिलीत ते चांगलंच केलंत, पण पानाच्या मधोमध काळ्या पट्टीत जी चौकट होती, "पाच वर्षं जगण्याचं प्रमाण फक्त निम्मं", तिच्याखाली एक ओळसुद्धा नव्हती की हे निम्मं कुणाचं, कुठल्या स्टेजचं, कुठल्या देशातलं आणि कधीचं. ज्या घरात पेशंट आहे त्या घरात ही चौकट कशी वाचली जाते हे तुमच्या डेस्कवरच्या मंडळींपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं. माझ्या ताईला २०१४ मध्ये हाच कॅन्सर निघाला, स्टेज थ्री सी, म्हणजे पोटात पसरलेला, मध्ये एकदा परत पण आला, आणि ती आज कऱ्हाडला स्वतःच्या घरी आहे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. तुमची पुरवणी पण तीच आधी वाचते.

लोक हा आकडा औषधाच्या पट्टीवरच्या एक्सपायरीसारखा वाचतात. निदान झालं त्या तारखेत पाच मिळवायचे, झालं. आमच्याकडेही एका नातेवाइकांनी ताईच्या मुलीचं लग्न "त्याच्या आत उरकून घ्या" असं भावजींना तोंडावर सांगितलं होतं. खरं म्हणजे पाच वर्षं हा हिशोबाच्या सोयीसाठी धरलेला टप्पा आहे, निदानानंतर पाच वर्षांनी किती जणी हयात होत्या एवढंच त्यात कळतं, त्यातल्या किती जणी पुढं दहा वर्षं, वीस वर्षं जगल्या ते त्यात येतच नाही. आणि पाच वर्षांनी मोजायचं म्हटल्यावर ज्यांचं निदान त्याच्याही आधी झालं त्यांचाच हिशोब लागणार ना, म्हणजे आज जो आकडा छापला जातो तो काही वर्षांपूर्वीच्या ट्रीटमेंटचा असतो, आज ओपीडीत बसलेल्या बाईला जी औषधं मिळणारेत त्यातली काही तेव्हा नव्हतीच.

बरं, ते निम्मं आलं कुठून? अमेरिकेच्या कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटांची नोंद ठेवतात तिथं, सगळ्या स्टेज, सगळी वयं एकत्र धरली की पाच वर्षांचं प्रमाण साधारण ५० टक्के येतं. तेच सुटं करून बघितलं तर कॅन्सर ओव्हरीपुरताच असताना सापडला तर ९० टक्क्यांच्या वर, आजूबाजूला पसरला असेल तर ७० च्या आसपास, आणि लांब पसरला असेल तर ३० च्या थोडं वर. ९० आणि ३० ची सरासरी काढून ती सगळ्यांच्या हातात दिली तर जिची स्टेज वन आहे ती उगाच घाबरते आणि जिची फोर आहे तिला चुकीचा अंदाज मिळतो, म्हणजे दोघींनाही त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडं तर बहुतेक बायकांचं निदानच तिसऱ्या-चौथ्या स्टेजला होतं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात साधारण ४७ हजार नवीन केसेस आणि ३३ हजार मृत्यू. आकडा भयंकर आहे, तो मी नाकारत नाही, गोड गोड छापा असंही म्हणत नाही.

पण मग दुसरी बाजू पण तितक्याच ठळक अक्षरात छापा. कॅलिफोर्नियात १९९४ ते २००१ या काळात निदान झालेल्या ११ हजारांहून जास्त बायकांची रजिस्ट्रीतली माहिती घेऊन एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१ टक्के बायका दहा वर्षांच्या पुढं जगलेल्या निघाल्या. तरुण वय, लवकरची स्टेज, हे असलं की जास्त जगतात हे तर कुणीही सांगेल, पण या दहा वर्षांवाल्या साडेतीन हजारांत ९५४ जणी अशा होत्या ज्यांचा धोका जास्त धरला जातो, पसरलेला, हाय ग्रेड (पेशी जोरात वाढणाऱ्या) किंवा वय जास्त, म्हणजे ज्यांच्या घरच्यांना डॉक्टरांनी बहुधा बाजूला घेऊन सांगितलं असेल. आणि हे नव्या गोळ्या (त्यांचं पुढं लिहिलंय) यायच्या आधीचं आहे. तीनातल्या दोघी दहा वर्षं जगल्या नाहीत हेही त्याच अभ्यासात आहे आणि तेही छापायला हवं, पण ९५४ बायका म्हणजे काय चमत्कार नव्हे.

अजून एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी ताईला फॉलोअपला सांगितली होती ती कुठल्याच लेखात येत नाही. हा कॅन्सर परत यायचा असेल तर बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि जी बाई पाच वर्षं ओलांडून आलीय तिचा पुढचा अंदाज पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून बांधायचाच नसतो, तो तिथून पुढं नव्यानं मांडायचा असतो आणि तो बराच बरा असतो. तुमची चौकट मात्र कालच निदान झालेल्या बाईला आणि माझ्या ताईला एकच गोष्ट सांगते.

आणि ओव्हरीचा कॅन्सर म्हणजे एकच आजार पण नाही. सगळ्यात जास्त दिसतो तो हाय ग्रेड सिरस, जो पन्नाशीच्या पुढं येतो, उशिरा सापडतो, आणि आता असं लक्षात आलंय की बऱ्याचदा सुरू होतो तो गर्भनलिकेच्या टोकाला. याउलट शाळा-कॉलेजच्या मुलींमध्ये जो जर्म सेलचा, म्हणजे अंडी तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा प्रकार असतो तो वेगळाच, तो किमोला एकदम चांगला रिस्पॉन्स देतो, बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात आणि बऱ्याचदा एकच ओव्हरी काढून दुसरी आणि गर्भपिशवी ठेवता येते म्हणजे पुढं मूलसुद्धा होऊ शकतं. बॉर्डरलाइन ट्यूमर म्हणून एक प्रकार आहे, धड साधी गाठ नाही धड कॅन्सर नाही असा, त्यात तर जगण्याचं प्रमाण खूपच चांगलं आहे. आता विचार करा, सतरा वर्षांच्या मुलीचे आईवडील "ओव्हरीचा कॅन्सर, निम्मं" एवढंच वाचून घरी बसले, तिकडं गावात कुणीतरी काढा देणारा सांगितला आणि त्यात तीन महिने गेले तर? माझ्या ओळखीत अगदी असं होता होता राहिलंय, मुलीच्या मावशीनं हट्ट धरून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मोठ्या सेंटरला दाखवला म्हणून. त्या मुलीनं यंदा बीएस्सी केलं.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो ते. आकडा नशिबानं ठरतो असं लिहिलं जातं, पण त्यातला मोठा भाग पहिलं ऑपरेशन कोण करतं आणि कसं करतं यावर ठरतो. पसरलेल्या स्टेजमध्ये डोळ्यांना दिसेल असा एकही ट्यूमर मागं राहिला नाही तर बाई जास्त जगते, हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. त्यासाठी हे काम रोज करणारा गायनॅक-ऑन्को सर्जन, म्हणजे बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारा, लागतो, ओव्हरी, गर्भपिशवी, पोटातला चरबीचा पडदा, कधी आतड्याचा तुकडा, डायफ्रॅमवरचे ठिपके, सहा-सात तास चालणारं काम आहे ते. ताईचं काय झालं, पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, यावर कितीतरी महिने गॅसच्या गोळ्या चालल्या, मग सोनोग्राफीत गाठ दिसली तर एका छोट्या नर्सिंग होममध्ये "साधी सिस्ट आहे, उद्याच काढून टाकू" म्हणून पोट उघडलं, आत बघितलं, तुकडा काढला आणि परत शिवलं. बाहेर येऊन भावजींना सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, तिला काही सांगू नका.

भावजींनी ऐकलं नाही, मुंबईला नेलं. तिथं आधी तीन किमो दिल्या, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, ट्यूमर आटल्यावर मोठं ऑपरेशन, मग परत किमो. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी राउंडला सर्जन आले तेव्हा ताईनं एकच विचारलं, "डॉक्टर, आत काही राहिलं का?" त्यांनी तिची फाईल घेतली, ऑपरेशनच्या नोटमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि तिला वाचून दाखवलं की दिसेल असं काही राहिलेलं नाही. ती ओळ तिनं नंतर पेननं अधोरेखित केलीय, फाईल आता चांगली जाडजूड झालीय तरी ते पान कुठं आहे ते तिला न बघता सापडतं. हा प्रश्न प्रत्येक बाईनं आणि तिच्या घरच्यांनी विचारायला पाहिजे, ऑपरेशनच्या आधी "तुम्ही असली ऑपरेशन्स नेहमी करता का" हे पण. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली, पोटात पाणी दिसलं, तर घाईनं जवळच्या जवळ चिरफाड करून घेऊ नका, हे तुमच्या पेपरात एकदा मोठ्या टायपात छापलं तर सांगली-सातारा-सोलापूरकडच्या किती बायांचा फायदा होईल.

दुसरी गोष्ट जीनच्या टेस्टची. बीआरसीए वन आणि टू, या जीनमध्ये जन्मतः दोष असला तर ओव्हरीचा आणि स्तनाचा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो. भारतातल्या पेशंटवर जे अभ्यास झालेत त्यात साधारण चौघीतल्या एकीत हा दोष सापडलाय, म्हणून ओव्हरीचा कॅन्सर निघाला की वय काहीही असो, घरात कुणाला असो-नसो, ही टेस्ट करायला सांगतात. ताईला सुरुवातीला कुणी सांगितली नव्हती, २०१८ ला परत आला तेव्हा केली, बीआरसीए वन निघाला. त्याचा ट्रीटमेंटला थेट उपयोग झाला, कारण अशा पेशंटना ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा फायदा होतो. पहिल्याच ट्रीटमेंटनंतर दोन वर्षं ही गोळी दिली तर काय होतं याचा एक मोठा अभ्यास आहे, बीआरसीए असलेल्या, तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या बायका, किमोला रिस्पॉन्स दिलेल्या. सात वर्षांनी गोळी घेतलेल्यांतल्या ६७ टक्के हयात होत्या आणि डमी गोळीवाल्यांतल्या साडेसेहेचाळीस टक्के. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला, सात वर्षांनी, ६७. हा आकडा तुमच्या चौकटीत का नाही? हा आकडा बीआरसीए असलेल्यांचाच आहे, सगळ्यांचा नाही, आणि गोळीनं हिमोग्लोबिन उतरतं, मळमळ होते, थकवा येतो, क्वचित रक्ताचा गंभीर आजार पण होऊ शकतो, ते सगळं खरं. ताईला गोळी परत आल्यानंतरच्या किमोच्या पुढं मिळाली, तेव्हा ती इतकी महाग होती की घरात मिटिंगच घ्यावी लागली होती. २०२४ मध्ये इथलं पेटंट संपल्यावर जेनेरिक यायला लागल्या. पण टेस्टच केली नाही तर गोळी कुणाला द्यायची हे कळणार कसं.

आणि टेस्ट फक्त पेशंटपुरती राहत नाही. ताईची आली म्हणून माझी केली, माझ्यातही तोच दोष. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका एक टक्क्याच्या आसपास असतो, बीआरसीए वन असेल तर ४० च्या आसपास जातो, टू असेल तर १० ते २० च्या दरम्यान. म्हणून मुलं झाल्यावर, वन असेल तर पस्तिशी ते चाळिशीत, दोन्ही ओव्हऱ्या आणि नलिका काढून घ्यायचा सल्ला देतात, त्यानं धोका साधारण ८० टक्क्यांनी कमी होतो. मला उशिराच कळलं पण मी काढून घेतल्या. पाळी एकदम बंद झाल्याचा त्रास झाला, हाडांकडं लक्ष ठेवावं लागतं, पण रात्री झोप लागते. आमच्याकडं हे आलं वडिलांकडून. लोकांना वाटतं बायकांचा आजार म्हणजे आईकडूनच येणार, मामाकडचीच हिस्टरी सांगतात, तसं काही नसतं, बापाकडूनही तितकाच येतो. आमची आत्या १९७९ मध्ये गावाकडं "पोटात पाणी होऊन" गेली, देवाधर्माचं सगळं करून झालं, आजाराला नाव पण मिळालं नाही. ताईच्या वेळी डॉक्टरांनी वंशावळ काढायला लावली तेव्हा ते म्हणाले बहुधा तेच असणार. सिस्प्लॅटिन हे या कॅन्सरवरचं पहिलं मोठं औषध, त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली तीच मुळी १९७८ मध्ये, आमच्या गावापर्यंत ते कुठून पोचणार होतं. आता माझा भाऊ टेस्ट करायला तयार नाही, "मला कुठं ओव्हरी आहे" म्हणतो, पण त्याला दोन मुली आहेत. हे पत्र छापलंत तर त्याच्या वाचनात येईल.

तुमच्या लेखात शेवटी "दरवर्षी सीए-१२५ करून घ्या" असं लिहिलं होतं (ही रक्तातल्या एका प्रोटीनची टेस्ट, या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा वाढतं), ते कृपा करून दुरुस्त करा. इंग्लंडमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हाच प्रयोग झाला, रक्ताची टेस्ट, सोनोग्राफी, आणि २०२१ मध्ये निकाल आला की स्क्रीनिंग केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. पहिल्या स्टेजच्या जवळजवळ निम्म्या बायकांत सीए-१२५ नॉर्मलच असतं, आणि दुसरीकडं एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पाळी, अगदी पोटाचा टीबी यातही ते वाढतं. पोटाच्या टीबीत तर पाणीही होतं आणि सीए-१२५ ही शेकड्यांत जातं, आपल्या देशात हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे, म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत नुसत्या आकड्यावरून कुणी कॅन्सर झाला म्हणून रडारड करू नये. लॅबवाले पॅकेजमध्ये घालून विकतात ती गोष्ट निराळी.

ज्यांना कॅन्सर झालाय त्यांच्यासाठी तर सीए-१२५ चा हा आकडा म्हणजे छळ होऊन बसतो. ताई दर तीन महिन्यांनी रिपोर्ट यायच्या आधी चार दिवस नीट जेवायची नाही, १२ चे १९ झाले तरी घर सुन्न. मग एका डॉक्टरांनी तिला समजावलं की इंग्लंड-युरोपात ५२९ बायकांवर अभ्यास झालाय, २०१० ला प्रसिद्ध झाला, ज्यांना लक्षणं काही नाहीत पण सीए-१२५ वाढलंय त्यांना लगेच किमो दिली काय आणि त्रास सुरू झाल्यावर दिली काय, आयुष्यात फरक पडला नाही, उलट लवकर दिलेल्यांचे किमोचे दिवस वाढले. आता नवी औषधं आणि परत ऑपरेशनचा पर्याय आल्यावर काही डॉक्टर वेगळा विचार करतात, ते ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांशी बोलावं, पण कुणी किती वेळा टेस्ट करायची हे बाईला विचारून ठरवता येतं एवढं कळलं तरी पुष्कळ. ताईनं त्यानंतर रिपोर्ट भावजींच्या मोबाईलवर घ्यायला सांगितला आणि स्वतः फक्त डॉक्टरांकडूनच ऐकते.

तिला काही सांगू नका, हे जे आपल्याकडं चालतं त्याबद्दल पण लिहा ना कधीतरी. पेशंटला बाहेर बसवून आत दोन दीर आणि एक मुलगा आकडे ऐकतात. बाईला सगळं कळतच असतं, ती फक्त विचारू शकत नाही, आणि मग पैशाचं, शेताच्या कागदांचं, मुलीचं, जे तिला बोलायचं असतं ते राहून जातं. ज्या बाईला ऐकायचं नाही तिला जबरदस्तीनं सांगू नये, पण ऐकायचंय का हे तिलाच विचारावं. आणि डॉक्टरांना "किती दिवस" असं विचारू नये, एकच आकडा मिळतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी एक सोपी पद्धत मांडलीय, अशा शंभर जणींना किती काळ जगल्या त्या क्रमानं एका ओळीत धरलं तर मधलीला जेवढा काळ मिळतो त्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत साधारण निम्म्या जणी जगतात, सगळ्यात वाईट दहा जणी त्याच्या पाव काळातच जातात आणि सगळ्यात चांगल्या दहा जणी तिपटीच्या पुढं जातात. म्हणजे डॉक्टरांना विचारायचं, वाईटात वाईट काय, नेहमी काय होतं, आणि चांगल्यात चांगलं काय. तिन्ही ऐकल्यावर माणूस तयारी पण करतो आणि पुढचं पण बघतो. आमच्याकडं मुलीचं लग्न झालं, पण त्या नातेवाइकांच्या घाईनं नाही, तिचं एमएस्सी झाल्यावर.

दहा वर्षं जगलेल्या बायकांचं पुढं काय होतं हे तर कुणाच्या गावीच नाही. ताईच्या तळपायाला अजून मुंग्या येतात, पॅक्लिटॅक्सेलची देणगी, थंडीत चप्पल पायात आहे का नाही ते कळत नाही. आतड्याचा त्रास अधूनमधून होतो. लोक बरी झाली म्हणून विसरतात आणि ती स्कॅनच्या आधी गप्प होते.

माझं मागणं एवढंच आहे. एक म्हणजे पुढच्या पुरवणीत ती चौकट नव्यानं छापा, स्टेजप्रमाणे, प्रकाराप्रमाणे, कुठल्या देशाचा आणि कुठल्या वर्षांचा आकडा ते लिहून, आणि सीए-१२५ बद्दलची ओळ दुरुस्त करून. दुसरं म्हणजे आपल्याच राज्यात मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री साठच्या दशकापासून आहे, बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री आहे, तुमच्या वार्ताहरांनी तिथं जाऊन आपल्या बायका किती जगतात, कुठं उशीर होतो, हे विचारून लिहावं, अमेरिकेचा आकडा आपल्या बायांना किती दिवस लावणार. आणि ८ मे ला ओव्हरीच्या कॅन्सरचा जागतिक दिवस असतो, त्या दिवशी दहा वर्षं ओलांडलेल्या दोन-चार जणींशी बोलून त्यांच्याच शब्दांत छापा. ताई बोलायला तयार आहे, फक्त फोटो नको म्हणते. पत्राखाली माझं नावही छापू नये ही विनंती, भावाच्या मुलींची लग्नं व्हायचीत आणि जीनची गोष्ट अजून त्यांच्या घरात बोलून झालेली नाही. नाव, पत्ता, फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय.

आपली नियमित वाचक,
मिरज